रक्ताच्या तपासणीत मेंदूची गाठ कळते का?

प्रश्न : माझ्या थोरल्या भावाच्या मेंदूत ग्लायोब्लास्टोमाची (मेंदूच्या झपाट्याने वाढणाऱ्या कर्करोगाची) गाठ निघाली आणि नऊ महिन्यांत तो गेला. मी ४६ वर्षांचा आहे. घरी येऊन रक्त नेणाऱ्या एका लॅबने ‘कॅन्सर मार्कर पॅकेज’ सुचवले आहे. त्यातून अशी गाठ वेळेआधी कळेल का? मुलांचीही तपासणी करावी का?
– एक वाचक, कोपरी, ठाणे

उत्तर : आपल्या भावाविषयी वाचून फार वाईट वाटले. निरोगी प्रौढ माणसाच्या रक्तावरून मेंदूतील गाठ आधीच ओळखणारी मान्यताप्राप्त चाचणी आज नाही, त्यामुळे या पॅकेजवर पैसे घालवू नयेत. अशा पॅकेजांत बहुधा सीईए, सीए १२५, पीएसए ही इतर अवयवांच्या कर्करोगांशी संबंधित प्रथिने मोजतात आणि ग्लायोब्लास्टोमा शोधण्यासाठी त्यांचा उपयोग होत नाही.

इतर अनेक कर्करोगांत गाठीच्या डीएनएचे तुकडे रक्तात उतरतात. मेंदू आणि रक्त यांच्यामधला नैसर्गिक पडदा मात्र त्यांना बराचसा अडवून धरतो. मणक्यातून काढलेल्या पाण्यात ते अधिक सापडतात, पण केवळ धास्तीपोटी निरोगी माणसाच्या पाठीत सुई घालणे योग्य नव्हे. मेंदूच्या आधारपेशींतील जीएफएपी हे प्रथिन ग्लायोब्लास्टोमाच्या अनेक रुग्णांच्या रक्तात वाढलेले आढळते, म्हणून संशोधकांचे त्याच्याकडे लक्ष आहे. परंतु डोक्याला मार लागला किंवा मेंदूत रक्तस्राव झाला, तरीही ते वाढते.

शिवाय मेंदूच्या गाठी आपल्याकडे वर्षाला लाखामागे साधारण ५ ते १० जणांतच आढळतात. समजा, एखादी चाचणी १०० निरोगी माणसांपैकी ९५ जणांना बरोबर निरोगी ठरवते. तरी लाखभर लोकांत सुमारे ५,००० जणांना नसलेल्या गाठीचा संशय चिकटेल आणि एमआरआय होईपर्यंत त्यांच्या जिवाला घोर लागेल. भावाचे आजारपण नुकतेच पाहिलेल्या आपल्यासारख्या माणसाला असा खोटा अहवाल किती महाग पडेल, याची मला खरी काळजी वाटते.

मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीची, प्रोलॅक्टिन हे संप्रेरक स्रवणारी गाठ मात्र रक्तातील त्या संप्रेरकाच्या पातळीवरून लक्षात येऊ शकते. तीही चाचणी पाळी थांबणे, लैंगिक इच्छा कमी होणे, नजर आक्रसणे अशी लक्षणे असतील तरच करतात.

मुलांच्या बाबतीत, बहुतेक ग्लायोब्लास्टोमा आनुवंशिक नसतात. घरात आणखी कोणाला तरुण वयात स्तनाचा, हाडाचा किंवा मेंदूचा कर्करोग झाला असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा भावाचा बायोप्सी अहवाल घेऊन जनुकीय समुपदेशकाला भेटावे. टाटा मेमोरियल सेंटरच्या खारघर येथील ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात आनुवंशिक कर्करोगांसाठी विभाग आहे.

आयुष्यात पहिल्यांदाच फिट आली, एका बाजूची ताकद गेली किंवा बोलताना शब्द अडू लागले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पहाटे वाढणारी, उलटीसह येणारी नवी डोकेदुखी असेल, तर न्यूरॉलॉजिस्टना लगेच दाखवावे. अशा वेळी रक्ताच्या अहवालाची वाट न पाहता मेंदूचे स्कॅनच करून घ्यावे लागते.