वजीर गेला, घालवला की दिला?

गंगापूर रोडला मुलांचा बुद्धिबळाचा क्लास चालवणाऱ्या एका ताईंनी विचारलंय : "मुलं सारखी 'सॅक केला, सॅक केला' म्हणतात. समोरच्याला मुद्दाम मोहरा मारू द्यायचा आणि हल्ला चढवायचा, याला फळ्यावर मराठीत काय लिहू? बलिदान, बळी की त्याग? आणि असा डाव बघून 'ब्रिलियंट!'ऐवजी काय ओरडायचं?"

सॅक (इंग्रजी 'सॅक्रिफाइस'चं छोटं रूप) म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर दप्तर येतं, त्यामुळे अडचण लगेच कळली. पण ताई, तुमच्या तिन्ही शब्दांवर मी फुली मारणार आहे.

'बलिदान' फार गंभीर. हुतात्मा स्मारकावर शोभणारा शब्द. शिवाय हल्लीच्या मराठीत बलिदान माणूस स्वतःचं करतो. इथे उंटाला कुणी विचारलेलंही नसतं. 'त्याग' त्याहून अडचणीचा. त्यागात परतफेडीची आशा नसते, आणि बुद्धिबळपटू तर दिलेल्या हत्तीची वसुली राजाकडून करायला बसलेला असतो. त्याला त्यागी म्हणणं म्हणजे सावकाराला संत म्हणण्यासारखं.

'बळी' जरा जवळचा. मूळ संस्कृत 'बलि', म्हणजे अर्पण केलेलं, नैवेद्य, कर. (बलवान या अर्थाचा बळी वेगळा, तो 'बलिन्'वरून आला. बुद्धिबळातलं 'बळ' त्या दुसऱ्या घरातलं.) पण क्रिकेटच्या बातम्यांनी या शब्दाचा तोंडवळा बदलला. 'पाच बळी' म्हटलं की ते गोलंदाजाने घेतलेले असतात. आता 'उंटाचा बळी' असं नुसतं लिहिलंत तर कुणी कुणाचा उंट मारला, की आपणच पुढे केला, काही कळत नाही. 'दिला', 'घेतला', 'गेला' यातलं काहीतरी जोडल्याशिवाय वाक्य उभंच राहत नाही. म्हणजे अर्थाचा भार उचलतंय ते क्रियापद. मग नाम हवंच कशाला?

हे मला पुस्तकातून नाही, आमच्या पंचवटीतल्या गच्चीवर कळलं. एप्रिल २०२४. टोरंटोत कँडिडेट्स स्पर्धा (जगज्जेत्याला आव्हान कोण देणार हे ठरवणारी) चालू होती, तिथे दुपारी डाव सुरू व्हायचे म्हणजे आपल्याकडे मध्यरात्र. आपल्या नाशिकचा विदित गुजराथी काळ्या मोहऱ्यांनी अमेरिकेच्या हिकारू नाकामुराशी खेळत होता, दुसरी फेरी. चौघेजण एका मोबाइलभोवती. डाव नीट रंगात यायच्या आधीच विदितने उंट उचलला आणि पांढऱ्या राजापुढच्या प्याद्यावर, एच-३ या घरात, टाकला. शेजारचे काका दचकले : "अरे, उंट गेला!" त्यांचा सातवीतला नातू मान वर न करता म्हणाला, "गेला नाही आजोबा. दिला."

यापेक्षा चांगली शब्दचर्चा मी ऐकलेली नाही. विदितने तो डाव जिंकला, नाकामुराची ४७ डावांची अपराजित मालिका तुटली, आणि त्याच स्पर्धेत पुढे त्याने नाकामुराला पुन्हा एकदा हरवलं. माझ्या कानात मात्र त्या पोराचं 'दिला' राहिलं.

बघा ना, मोहरा पटावरून उतरण्याची एकच घटना, पण मराठी तिला किती वाटांनी सांगते. 'घोडा गेला' : गेला बिचारा, कुणाला दोष नाही. 'घोडा सोडला' : लक्ष नव्हतं, फुकट ठेवला. 'घोडा घालवला' : यात शिव्या अध्याहृत आहेत. 'घोडा दिला' : हेतू आला, हिंमत आली. सहायक क्रियापद जोडलं की छटा आणखी बारीक होते. 'देऊन टाकला' यात सुटकेचा निःश्वास आहे. 'देऊन बसला' यात कपाळावरचा हात दिसतो. आणि 'देऊन पाहिला'? तो तर मिखाइल ताल.

१९६०च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत, मॉस्कोत, तेव्हाचा जगज्जेता बोटविनिकविरुद्धच्या सहाव्या डावात तालने एफ-४ वर घोडा देऊन पाहिला. प्रेक्षागृहात एवढा गलका उडाला की खेळाडूंना आतल्या खोलीत नेऊन डाव पुरा करावा लागला. पुढे विश्लेषकांनी त्या घोड्याबद्दल पुष्कळ शंका काढल्या. बोटविनिकने अचूक उत्तरं दिली असती तर चित्र वेगळं दिसलं असतं. पण पटावर समोर घड्याळ टिकटिकत असताना उत्तर सापडलं नाही, डाव ताल जिंकला, आणि म्हणून 'दिला'. हरला असता तर तोच घोडा 'घालवला' झाला असता. हल्ली संगणक पटाशेजारी कोण किती वरचढ आहे याचा आकडा दाखवत असतो, त्यामुळे प्रेक्षकांतले आपण सगळेच उंटावरचे शहाणे. दोन सेकंदांत ठरवून मोकळे.

'देणे'चा आणखी एक फायदा असा की ते एकट्याने होत नाही, घेणारा लागतो. १९९९ला नेदरलँड्समधल्या वाइक आन झे इथे रशियाच्या कास्पारोवने बल्गेरियाच्या टोपालोवसमोर डी-४ वर हत्ती धरला. टोपालोवने तो घ्यायलाच हवा होता असं नाही. राजा बाजूला सरकवला असता तर निभावलं असतं. त्याने घेतला. मग टोपालोवचा काळा राजा पट ओलांडून थेट पांढऱ्याच्या पहिल्या ओळीपर्यंत पळत गेला. आता हे 'बलिदान' वापरून सांगून पाहा : 'बलिदान स्वीकारले', 'बलिदान नाकारले'. सरकारी पत्रासारखं वाटतं. आणि मराठीत? 'दिला, पण त्याने घेतला नाही.' संपलं. आहेर परत केल्यासारखं.

ऑस्ट्रियाचा रुडॉल्फ श्पीलमान हा स्वतः धडाकेबाज हल्ले करणारा खेळाडू. त्याने अशा देण्याचे दोन प्रकार केले होते, खरं आणि लटकं. लटकं म्हणजे जिथे मोबदला हिशेबाने, चार-सहा चालींत परत येतो. त्याला मी मराठीत 'हातउसना' म्हणतो. १३ वर्षांच्या बॉबी फिशरने १९५६ला न्यूयॉर्कमध्ये डोनाल्ड बर्नला वजीर दिला, तो हातउसना : बदल्यात एक हत्ती, दोन उंट आणि एक प्यादं वसूल. (हातउसने दिलेले पैसे एवढ्या तत्परतेने परत आलेले मी तरी पाहिले नाहीत.) खरं देणं म्हणजे जिथे परतीची तारीख ठरलेली नसते, नुसता भरवसा असतो. तिथे 'देऊन पाहिला'च योग्य.

जाता जाता 'गॅम्बिट'. सुरुवातीलाच प्यादं पुढे करण्याला हा शब्द १५६१मध्ये रुय लोपेझ या स्पॅनिश पाद्र्याने लावला, तो इटालियन बोलीवरून : पाय पुढे घालून समोरच्याला पाडणे. म्हणजे आपल्या तालमीतली टांग! 'डाव' हा शब्द आपल्याकडे आखाड्यात आणि पटावर दोन्हीकडे चालतो, तेव्हा हे नातं मराठी माणसाला समजावून सांगावं लागू नये. तरी 'गॅम्बिट'ला 'टांग' म्हणा असं मी सुचवणार नाही. रुळलेला शब्द आहे, राहू द्या.

आणि हो, आपल्याकडे इंग्रजीतली राणी नाही, वजीर आहे. राणी देण्यात जो शोकांत थरार असतो तो वजीर देण्यात येत नाही, असं एकाने मला ऐकवलं होतं. मला ते पटत नाही. खुर्ची वाचवायला राजाने वजिराला पुढे करणं ही तर आपल्या ओळखीची गोष्ट. थरार कमी असेल, पण खरेपणा जास्त.

आता 'ब्रिलियंट'. भारी, कडक, जबरी हे सगळे चालतातच, पण ते चांगल्या मिसळीलाही चालतात. पट बघून तोंडातून निघावा असा आपला शब्द 'अफलातून'. हे प्लेटोचं नाव, अरबी-फारसीतून फिरत आपल्यापर्यंत आलेलं. हिंदीत 'बडा अफलातून बनता है' म्हणजे टोमणा, स्वतःला फार शहाणा समजतो असा. मराठीने त्यातली टवाळी बरीचशी गाळली आणि विलक्षण बुद्धी नि थोडा चक्रमपणा एवढं ठेवलं. लंडनला १८५१मध्ये जर्मन खेळाडू अँडरसनने किझेरित्स्कीविरुद्धच्या डावात एक उंट, दोन्ही हत्ती आणि वजीर दिला आणि उरलेल्या दोन घोड्यांनी नि एका उंटाने मात केली. याला 'उत्कृष्ट' म्हणून कसं भागेल? उत्कृष्ट म्हणजे शंभरपैकी शंभर. हा पेपरच वेगळा आहे. 'अचाट'ही बसेल, पण अचाटात धाडस जास्त आणि डोकं कमी.

तेव्हा ताई, फळ्यावर नाम लिहूच नका. 'मोहरा देणे' असं लिहा, शेजारी 'हातउसना' आणि 'देऊन पाहिला' असे दोन रकाने करा. मुलं 'सॅक' म्हणतील, म्हणू द्यात. फक्त कुणी वजीर फुकट सोडून डाव हरल्यावर ऐटीत "मी दिला होता" म्हणालं, तर तिथल्या तिथे दुरुस्त करा : "घालवला."