पिल्लू घरी आलं आणि पोट बिघडलं

प्रश्न : डॉक्टर, गेल्या शनिवारी आठ आठवड्यांचं लॅब्राडोरचं पिल्लू आणलं. पहिला दिवस मस्त गेला, दुसऱ्या दिवसापासून लूज मोशन. सारखं थोडं थोडं करतंय, त्यात शेंबडासारखं चिकट काहीतरी असतं आणि काल शेवटी लाल ठिपका दिसला. बाकी खेळतंय, चपला पळवतंय. आधी काय खायचं ते आम्ही विचारलंच नाही, नवीन पपी फूड आणलं आणि वर दूध चालू आहे. भाऊजी म्हणतात एक दिवस उपाशी ठेवा, शेजारच्या काकू म्हणतात आपली जुलाबाची गोळी पाव द्या. नक्की काय करू?

उत्तर : आधी ती गोळी कपाटात ठेवा. त्यातलं लोपरामाईड (जुलाब थांबवणारं औषध) एवढ्याशा जिवाला सहज जास्त होतं, आणि आत इन्फेक्शन असेल तर जे बाहेर पडायला हवं तेच अडकून बसतं. ताप वाटला म्हणून पॅरासिटामोल किंवा आयबुप्रोफेनही देऊ नका, ती तर विषच.

उपाशी ठेवणं मोठ्या कुत्र्याला एखादवेळ चालतं पण पिल्लाला नाही, त्याच्या लिव्हरमध्ये साखरेचा साठा फार थोडा असतो, खाणं बंद झालं की शुगर उतरते, मग ते लडखडतं, कधी फिट येते, छोट्या जातींत तर फारच पटकन. त्यामुळे भाऊजींना प्रेमाने नाही म्हणा.

आता कारण. आई सुटली, भावंडं सुटली, प्रवास झाला, आणि त्याच दिवशी खाणंही बदललं, एवढं सगळं एकदम आल्यावर मोठं आतडं चिडतं. थोडी थोडी शी, कुंथणं, चिकट आव, शेवटी ताजं लाल रक्त, हे बहुतेकदा त्याचंच लक्षण. दूध आजच बंद, गाईच्या दुधात लॅक्टोज कुत्रीच्या दुधापेक्षा जास्त असतं आणि ते नाही पचलं की जुलाब वाढतात. ज्यांच्याकडून पिल्लू आणलं त्यांना आत्ता फोन करून जुनं फूड कुठलं ते विचारा आणि तेच आणा. मिळालंच नाही तर बिनहाडाचं, बिनकातडीचं उकडलेलं चिकन आणि मऊ भात, तेल मीठ मसाला काही नाही, कांदा लसूण तर अजिबातच नाही, दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं. पाणी कायम समोर. दोन-तीन दिवसांत शी घट्ट झाली की सात-आठ दिवस घेऊन पपी फूड हळूहळू वाढवा, चिकन-भातावरच महिनाभर ठेवू नका, वाढत्या हाडांना ते पुरत नाही. आणि फूड मोजून घाला, गोंडस दिसतं म्हणून वाटी भरत राहणं हे मी बघतो त्यातलं जुलाबाचं भलतंच कॉमन कारण आहे (ट्रीट्सही त्यातच धरा).

पण लाल ठिपका आणि हे वय बघता व्हेटला आजच फोन करा आणि ताजी शी डबीत घेऊन जा, जिआर्डिया आणि कॉक्सिडिया (आतड्यात राहणारे, डोळ्यांना न दिसणारे परजीवी) तपासायला सांगा. जिआर्डिया प्रत्येक वेळच्या शीत सापडतोच असं नाही, म्हणून एक रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि जुलाब चालूच असले तर परत तपासा.

शीपेक्षा पिल्लाकडे जास्त बघा. खेळतंय, खातंय तोवर धीर धरता येतो. उलटी झाली, खाणं सोडलं, कोपऱ्यात पडून राहिलं, शी पाण्यासारखी आणि घाण वासाची रक्ताची किंवा डांबरासारखी काळी झाली, तर सकाळची वाट बघू नका. हिरडी बोटाने दाबून सोडा, पांढरी झालेली जागा दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवी, उशीर लागला किंवा हिरडी कोरडी चिकट लागली तर निघाच. भीती पार्व्होची, म्हणजे पिल्लांच्या जिवावर बेतणाऱ्या विषाणूच्या जुलाबाची. पहिली लस झाली म्हणजे पिल्लू सेफ असं नसतं, आईकडून आलेल्या अँटिबॉडीज लसीला आडव्या येतात म्हणून सोळा आठवड्यांपर्यंत डोस रिपीट करतात, आणि लागण झाल्यावर लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस जातात, म्हणजे पिल्लू धडधाकट घरी येऊन आठवड्यात आजारी पडू शकतं. क्लिनिकमध्ये शीची क्विक टेस्ट होते.

प्रश्न : आमच्या पिल्लाच्या शीत दोऱ्यासारखे लांब पांढरे किडे दिसले. देणारे तर म्हणाले होते जंताचं औषध दिलंय. खोटं बोलले का?

उत्तर : असेलच असं नाही. हे गोल जंत, आईच्या पोटातूनच पिल्लात येतात, दुधातूनही. औषध आतड्यातले जंत मारतं पण अंगात फिरणाऱ्या अळ्या नंतर आतड्यात उतरतात, म्हणून दोन आठवड्यांपासून आठ आठवड्यांपर्यंत दर पंधरवड्याला आणि पुढे सहा महिन्यांचं होईपर्यंत दर महिन्याला डोस देतात. डोस वजनावर ठरतो, तेव्हा प्रत्येक वेळी पिल्लाचं वजन करा, मागच्या चिठ्ठीवरून देऊ नका. घरात लहान मुलं असतील तर हात धुवायला लावा कारण हे जंत माणसालाही होतात. अंडी बाहेर पडल्यावर लागण करण्याइतकी तयार व्हायला दोन आठवडे तरी घेतात, तेव्हा शी रोजच्या रोज उचललीत की बरंचसं काम झालं.