ताई ची मधली 'ची' प्राणाची नाही, आढ्याची!

विचारलंय असं, की 'ताई ची' या संथ चिनी व्यायामाच्या नावातली ची म्हणजे आपला प्राणच ना, आणि मराठीत जोडून लिहायचं की तोडून.

प्राण नाही हो!! सकाळी बागेत हळूहळू हात फिरवायला शिकवणारे सर "ताई म्हणजे महान, ची म्हणजे ऊर्जा" असं छातीठोक सांगतात, मग ते व्हॉट्सअॅपवर फिरतं, मी इतक्यांदा ऐकलंय की हल्ली तिथल्या तिथे दुरुस्त करतो आणि वाईटपणा घेतो. शब्द दोन आहेत, अक्षरंही वेगळी. ऊर्जावाल्या शब्दात हवेचा झोत आहे, म्हणजे आपला छ, 'छी'. ताई ची मधली साधी ची. 19व्या शतकात वेड आणि जाइल्स या इंग्रजांनी चिनीसाठी रोमन स्पेलिंगं बसवली तेव्हा हा फरक अपॉस्ट्रॉफीने दाखवला होता, छापणाऱ्यांनी ती गाळली आणि झाला काला. इंग्रजांचं एकवेळ समजू शकतो, पण आपल्या वर्णमालेत च-छ शेजारी शेजारी बसलेत, आपण कशाला त्यांचा गोंधळ उसना घ्यायचा? (आता 'छी' लिहिलं की लोक नाक मुरडणार हे मान्य.)

खरी मजा पुढे आहे. ही ची म्हणजे टोक, परमावधी, असं सगळे सांगतात. बरोबर, पण अर्धवट. इ.स. 100 च्या सुमाराला शू शेनने केलेल्या चिनी कोशात या अक्षराचा अर्थ सरळ दिलाय, घराचं आढं! छपराचं सगळ्यात उंच लाकूड, त्याच्यावर काहीच नाही, म्हणून परमावधी. उत्तर ध्रुवालाही चिनीत हेच अक्षर. तेव्हा ताई ची म्हणजे सगळ्यात थोरलं आढं. 'परमतत्त्व' असं भाषांतर ठोकून देणाऱ्यांनी कौलारू घर आतून कधी बघितलेलं नसणार.

आता माझी थिअरी. चिनी विचारात यिन-यांग ही परस्परविरुद्ध गोष्टींची जोडी, त्यातला यिन म्हणजे मुळात डोंगराची सावलीची बाजू, यांग उन्हाची. स्त्री-पुरुष, थंड-उष्ण वगैरे त्याच्यावर चढलेले थर, लोक नेमके तिथूनच सुरुवात करतात. लुओयांग शहराच्या नावात तोच यांग आहे, लुओ नदीचा उन्हाचा म्हणजे उत्तरेकडचा काठ. आणि यी चिंग या प्राचीन चिनी ग्रंथावरच्या जुन्या भाष्यात म्हटलंय की ताई चीतून दोन निघाले, ते दोन म्हणजे यिन-यांग असं धरतात. मग बघा ना, आढं टाकलं की छपराला दोन उतार पडणारच, एक उन्हात एक सावलीत! चिनी वैद्य यिन-यांगच्या ज्या तोलाबद्दल बोलतात तो मला तरी इथेच दिसतो. शिवाय आढ्याच्या रेषेला चिनीत घराचा पाठकणा म्हणतात, आणि ताई चीत पहिली सूचना काय, तर कणा सरळ, डोकं वरून टांगल्यासारखं. चिनी शिकलेला एक मित्र म्हणाला हे सगळं तुझं काव्य आहे, पुरावा दाखव. म्हणू दे. वळचणीचं पाणी आढ्याला चढवायची हौस त्याला जुनीच आहे.

हां, लिहायचं कसं ते राहिलंच. काटेकोर बघायचं तर 'थाई ची', कारण झोत तिथेही आहे, पण मग सगळ्यांना थायलंड आठवेल. तेव्हा ताई ची, आणि तोडूनच लिहा, जोडलंत तर लोक विचारतील कुणाच्या ताईची.