हाक मारली की नाव बदलतं

प्रिय माधव,

काल आजीचा फोन ठेवल्यावर तू रुसून विचारलंस, "आजी मला माधवा का म्हणते? माझं नाव माधव आहे ना?" तेव्हा तुझे डोळे मिटत होते, म्हणून आज लिहून ठेवतेय.

आजी चुकत नाही, बाळा. मराठीत हाक मारताना नावाचं रूप बदलतं. देवाला "देवा", विठ्ठलाला "विठ्ठला", आणि आपल्या मुक्ताताईला "मुक्ते". याला संबोधन म्हणतात. आम्ही शहरात वाढलेले लोक ते सोडत चाललोय. मीही तुला नुसतं माधवच म्हणते. आजीच्या तोंडी ते अजून आहे, आणि मला ते फार आवडतं.

आता तुझा शेमस आठव. शाळेच्या पहिल्या आठवड्यात तू सांगत आलास की आयरिशच्या तासाला बाई कुणा हेमिशला बोलावतात, पण तो मुलगा वर्गात दिसतच नाही. तो शेमसच होता! आयरिशमध्ये हाक मारताना नावाआधी "अ" लागतो, आपल्या "अरे"सारखा. मग "शे"चा "हे" होतो, शेवटचा "स" मऊ होऊन "श" होतो, आणि शेमसचा होतो "अ हेमिश". त्या विभक्तीचं आयरिश नावसुद्धा हाकेवरूनच आलंय, जसं आपलं संबोधन.

गंमत पुढेच आहे. स्कॉटलंडची गेलिक भाषा आयरिशची सख्खी बहीण. तिथेही हीच हाक. इंग्रजी बोलणाऱ्यांनी ती ऐकली, तेच नाव समजून उचललं, आणि हेमिश हे वेगळं नाव झालं. आज ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्येही हेमिश सापडतात. म्हणजे कुणीतरी कुणाला मारलेली हाक जन्मदाखल्यावर जाऊन बसली!

मुळात शेमस म्हणजे जेम्स. हिब्रू याकोबपासून लॅटिनमार्गे आलेलं. फ्रेंच जाक, स्पॅनिश दिएगो ही त्याचीच भावंडं मानतात. आयरिश लिहिताना "शे"वर एक तिरकी रेघ देतात, तिला फादा म्हणतात. फादा म्हणजे लांब, आपल्या दीर्घासारखा. 1995 साली नोबेल मिळालेले कवी शेमस हीनी मात्र आपलं नाव त्या रेघेशिवाय लिहीत.

उद्या शेमसला विचार, त्याची आजी त्याला घरात कशी हाक मारते. आणि मला येऊन सांग.

तुझी,
आई