टाकीवरच्या सेन्सरला वायफाय नको रे

इएसपी३२ (वायफायवाली छोटी कंट्रोलर चिप) आणि बटण सेलवर सेन्सर करतोयस म्हणालास, पण सोसायटीच्या टाकीची लेव्हलच बघायचीये ना, मग वायफाय सोड. इएसपी३२ वायफायवर डेटा पाठवायला लागला की २०० मिलीअँपच्या वर करंट ओढतो आणि तुझा तो सीआर२०३२ सेल एवढा झटका देऊच शकत नाही. लोरावॅन (कमी बॅटरीत लांबवर छोटे मेसेज पाठवणारं रेडिओ नेटवर्क) घे, आपल्याकडे ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झला लायसन लागत नाही, फक्त मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मॉड्यूल घेताना बँड बघून घे, ४३३ वाला गळ्यात मारतील. बोर्डावरचा लाल एलईडी आधी काढून टाक, चिप झोपली तरी तो बॅटरी खात बसतो.

रेंज मिळत नाही म्हणून लगेच एसएफ१२ (सगळ्यात हळू, लांब पल्ल्याचं सेटिंग) लावू नकोस, एकेका पायरीला एअरटाइम, म्हणजे पॅकेट हवेत राहायचा वेळ, जवळपास दुप्पट होतो. अँटेना पत्र्याच्या शेडखालून बाहेर काढ, बऱ्याचदा तेवढंच पुरतं.

आता सिक्युरिटी. एईएस-१२८ एन्क्रिप्शन आहे म्हणून निवांत राहायचं नाही, सगळ्या डिव्हाइसना एकच अ‍ॅप-की (गुप्त किल्ली) टाकलीस तर एक फुटला की सगळे फुटले. आणि नेटवर्कला जोडताना एबीपी (किल्ल्या आधीच कायमच्या भरून ठेवायची पद्धत) नको, ओटीएए (जॉइन होताना नव्या किल्ल्या बनवणारी पद्धत) वापर. एबीपीत सेल बदलला की बऱ्याचदा फ्रेम काउंटर (पॅकेटचा चढता नंबर) शून्यावर जातो, सर्व्हर जुनं समजून पॅकेट फेकून देतो, मग लोक काय करतात तर काउंटर चेकच बंद करून मोकळे होतात!! म्हणजे कोणीही कालचं 'टाकी भरलीये' वालं पॅकेट पकडून आज परत सोडणार, सर्व्हर ते खरं मानणार आणि पंप काही चालू होणार नाही, सकाळी सातला अख्खी विंग तुझ्या दारात. ओटीएएतही डेव्हनॉन्स (जॉइन रिक्वेस्टचा नंबर) फ्लॅशमध्ये सेव्ह कर हां, नाहीतर रीस्टार्टनंतर जॉइनच रिजेक्ट होऊ शकतं.