इंदूरमध्ये घरी मराठी आणि कचेरीत हिंदी बोलतो. मनातल्या वेगवेगळ्या ‘मीं’शी संवाद साधणारी रोजनिशी कोणत्या भाषेत लिहावी?

जो ‘मी’ ज्या भाषेत बोलतो, त्याला त्याच भाषेत लिहू द्यावे. साहेबांच्या धास्तीने कुरकुरणारा आवाज हिंदीत आणि ‘लोक काय म्हणतील’ म्हणून दटावणारा आवाज आजीच्या मराठीत येत असेल, तर शुद्धलेखनाची फिकीर न करता दोघांना वेगवेगळ्या शाईने उतरवावे आणि प्रत्येकाला विचारावे, ‘तू गप्प बसलास तर काय बिघडेल, असे तुला वाटते?’ कारण असा प्रत्येक अंश आपल्या परीने आपले रक्षणच करू पाहतो, असे अमेरिकी मानसोपचारक रिचर्ड श्वार्ट्झ यांनी १९८०च्या दशकात विकसित केलेली ‘इंटर्नल फॅमिली सिस्टिम्स’ (मनात अनेक ‘मीं’चे जणू कुटुंबच नांदते, असे धरणारी) उपचारपद्धती मानते. वेळ थोडा पुरतो; मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांच्या १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मनातले दुःख कागदावर उतरवण्याच्या प्रयोगात विद्यार्थी सलग चार दिवस रोज १५ मिनिटे लिहीत होते. वही मात्र कुलपात ठेवावी (एकत्र कुटुंबात तर नक्कीच). जुन्या आघाताच्या आठवणींनी झोप उडू लागली, तर लेखन थांबवून मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे.