वाचकांचे प्रश्न : प्रोग्रेसिव्ह रॉकचा मिक्स, त्यातले जोड आणि मात्रा

प्रश्न : मित्र पिंक फ्लॉइड या बँडच्या पुढे कधी गेला नाही. त्याच्यासाठी प्रोग्रेसिव्ह रॉकचा, म्हणजे लांब, वळणं घेत जाणाऱ्या रॉक गाण्यांचा, तासाभराचा मिक्स (निवडून एकापाठोपाठ लावलेली गाणी) पेन ड्राइव्हवर भरून दिला. तो सोलापूर-पुणे गाडीत ऐकतो. पण काही गाणी कुजबुजतात, काही एकदम अंगावर येतात, आणि जोड कानाला खुपतात. कुठे चुकलं?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आधी क्रम बघू. फ्लॉइड ओळखीचा आहे ना, मग त्याच्याच अंगणातून निघा. ‘मनी’ (1973) मूळ रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं, म्हणून सुरुवात स्वच्छ मिळते. शेवट मात्र फसवा. माणसांची बोलणी सुरू होतात आणि ती पुढच्या गाण्यात मिसळतात. तिथे सरळ कात्री लावली की बोलणं मध्येच तुटतं. म्हणून बोलणी सुरू होताच पाच-सहा सेकंदांत आवाज उतरवत न्या. मग दोन सेकंद शांतता, आणि जेनेसिसचं ‘फर्थ ऑफ फिफ्थ’ (1973), कारण ते एकट्या पियानोनं उघडतं.

त्यानंतर किंग क्रिमसनच्या 1969च्या पहिल्या अल्बममधली पहिली दोन गाणी, जोडीनंच घ्या. ‘ट्वेंटी फर्स्ट सेंच्युरी स्किझॉइड मॅन’ गोंधळाच्या टोकाला जाऊन थांबतं आणि लगेच ‘आय टॉक टू द विंड’ची बासरी येते. हा धक्का मुद्दाम दिलेला आहे. तिथे क्रॉसफेड (एक गाणं विरत असतानाच दुसरं वर आणणं) घालाल तर त्यातली गंमतच जाईल. ‘स्किझॉइड मॅन’च्या आरंभीची वीसेक सेकंदं जेमतेम ऐकू येणारी सळसळ आहे. शांतता आपोआप कापणारी सेटिंग ती खाऊन टाकते, आणि ती राहिली तर ऐकणारा आवाज वाढवतो व पुढच्या क्षणी दचकतो. गाडी चालवणाऱ्याला हे आधी सांगून ठेवा! पुढे येसचं ‘राउंडअबाउट’ (1971), क्रिमसनचंच ‘स्टारलेस’ (1974), आणि शेवटी येसचं ‘क्लोज टू द एज’ (1972), साडेअठरा मिनिटांचं. बेरीज सुमारे 69 मिनिटं, म्हणजे 80 मिनिटांच्या सीडीतही बसेल. ‘राउंडअबाउट’ची सुरुवात उलट्या वाजवलेल्या पियानोच्या फुगत जाणाऱ्या स्वरानं होते, गिटारपासून कापलंत तर त्याचा दरवाजाच काढून टाकल्यासारखं होईल.

आता पातळी. जुन्या सीडीवरून घेतलेलं गाणं आणि नंतरच्या काळात जोरात रीमास्टर केलेलं (मूळ ध्वनिमुद्रणावरून नव्यानं तयार केलेलं) गाणं यांत पाच-सात डेसिबलचा फरक सहज असतो. दबकं गाणं वर ओढू नका, टोकाचे आवाज फाटतात. जोरातलं खाली आणा. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ला सगळ्यांना उणे 18 एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) द्या. एका अल्बमच्या जोडीला मात्र हे वेगवेगळं लावू नका. क्रिमसनची दोन्ही गाणी आधी एका फाइलीत सांधा आणि मग त्या फाइलीला एकच माप द्या, नाहीतर शांत गाणं उगाच फुगेल आणि धक्का बोथट होईल.

गाडीतले बहुतेक प्लेअर दोन एमपीथ्रीमध्ये बारीक खंड पाडतात. एमपीथ्री तयार होतानाच फाइलीच्या दोन्ही टोकांना थोडी शांतता चिकटते आणि साधा प्लेअर ती वगळत नाही. म्हणून अख्खा मिक्स एकाच फाइलीत द्या. 320 केबीपीएसला 165 एमबीच्या आसपास होईल. गाण्यावरून गाण्यावर उडी मारता येणार नाही, पण अशा संगीताला ते बरंच.

प्रश्न : आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो, भिंतीला लागून माग. ‘स्टारलेस’चा हळू भाग खडखडाटात बुडतो, आवाज वाढवला तर पुढे कान फाटतात.
— एक वाचक

उत्तर : घट्ट बसणारे, रबरी टोकाचे इअरफोन घ्या आणि टोकाचं माप कानाला नीट बसतंय ना बघा, फट राहिली की आधी बास जातो. आवाज दाबणारे इलेक्ट्रॉनिक हेडफोन सलग घुमणारा आवाज चांगला अडवतात. धोट्याची खट-खट तेवढी अडत नाही. दुसरा उपाय : वेगळी प्रत काढून तिला 2:1चा सौम्य कॉम्प्रेसर, म्हणजे मोठे आवाज दाबून लहान-मोठ्यातला फरक कमी करणारं साधन. पण ‘स्टारलेस’मध्ये गिटार एकाच स्वराला धरून राहते आणि भोवतीचं सगळं चढत जातं, कॉम्प्रेसर तो चढच सपाट करतो. हे गाणं मागांच्या सुट्टीच्या दिवशी ऐका.

प्रश्न : मिक्स पाठवला की मैत्रीण ‘भारी!’ एवढंच लिहिते. बोलणं पुढे कसं न्यायचं?
— एक वाचक, होटगी रोड

उत्तर : ‘आवडलं का’ विचारलंत तर ‘भारी’च येणार. मोजायला लावा. ‘मनी’च्या सुरुवातीला गल्ल्याचे, नाण्यांचे, कागद फाटण्याचे आवाज घुमतात, ते सात आहेत आणि गाणं सात मात्रांचं. तबल्याची ओळख असेल तर रूपक म्हणून हातावर धरून बघायला सांगा. मात्रा जुळतील, ठोक्यांचं वजन जुळणार नाही, आणि तिथेच बोलायला विषय मिळतो. मग विचारा : सॅक्सोफोन सातात वाजतो, पण गिटारचा सोलो कितीत? तो चारात आहे, म्हणून एकदम मोकळा वाटतो. संपला की पुन्हा सात. ‘स्टारलेस’चा मधला चढ 13 मात्रांचा, तो पहिल्या फटक्यात कुणालाच पकडता येत नाही, तेव्हा घाबरायचं काही कारण नाही.

वेळ लिहिताना आवृत्तीही लिहा. क्रिमसन, येस, जेथ्रो टल या बँडच्या बऱ्याच अल्बमचे स्टीव्हन विल्सन या ब्रिटिश संगीतकारानं नवे मिक्स केले आहेत, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणातली वाद्यं नव्यानं एकत्र जुळवली आहेत. मूळ प्रतीतली ‘4 मिनिटं 20 सेकंद’ तिथे काही सेकंद पुढेमागे सापडू शकते, आणि एखादं वाद्य आधी दबलेलं असेल तर आता समोर येतं. दोघं दोन प्रती ऐकत असाल तर तुम्ही वाद घालाल ऑर्गनवर, आणि तिला मुळात तो ऑर्गन ऐकूच आलेला नसेल.

प्रश्न : हाच मिक्स इंटरनेटवर सगळ्यांसाठी टाकला तर?
— एक वाचक

उत्तर : नको. गाणी दुसऱ्यांची आहेत, आणि 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार ती परवानगीशिवाय लोकांना वाटता येत नाहीत. गाण्यांच्या नावांची यादी, क्रम आणि कुठे किती सेकंदांची शांतता ठेवली ते लिहून टाका. ज्याच्याकडे अल्बम आहेत तो घरी बसून तसाच मिक्स जुळवू शकतो.